बर्फात लागलेलं ऊन

आधी माफी मागतो. या अंकात लिहिणाऱ्या बाकीच्यांना लिहिण्याची सवय आहे. मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी. आजवर जे काही लिहिलं ते प्रॅक्टिकलच्या वहीत, पानाच्या आकृतीशेजारी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे आपल्या घरची गोष्ट छापण्याजोगी असते की नाही, हे विचारावं असंही घरात कोणी नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "लिही ना गा. फक्त मी उलटी केली ते नको लिहू." ते मला लिहावंच लागणार आहे, म्हणून दुसरी माफी तिची.

आई नागपुरात कळमन्याच्या बाजारात काम करते. हिवाळ्यात संत्री निवडायची, उन्हाळ्यात मिरचीचे देठ तोडायचे. बाबा मी लहान असतानाच गेले. मिरचीच्या ढिगासमोर दिवस काढणाऱ्या माणसाला डोकेदुखी हा आजार वाटत नाही. आईने अंग दुखतं म्हणून कामाला दांडी मारल्याचं मला आठवत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात या सवयीचा मोठा हात होता.

गेल्या वर्षी मी शेवटच्या वर्षाला होतो. हिमाचलात, स्पितीच्या एका खोऱ्यात, उंचावरचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या गवताची आणि झुडपांची पाहणी करणारा एक गट उन्हाळ्यात काही विद्यार्थी सोबत घेतो, असं आमच्या सरांनी सांगितलं. मी अर्ज करून टाकला आणि कुणाला बोललो नाही. होणार नाही असंच वाटत होतं. मग निवड झाल्याचा फोन आला. या पाहणीचं काम ज्या मॅडम बघत, त्या पुढच्या शिक्षणासाठी आपले विद्यार्थी बहुतेक यातूनच निवडत. मला तेच हवं होतं. झाडांचं काम करायचं, आणि तेही अशा माणसाच्या हाताखाली. अट एकच होती. ठरल्या दिवशी खालच्या कॅम्पवर हजर व्हायचं. तिथं दोन दिवस नुसतं बसून शरीराला उंचीची सवय होऊ द्यायची, आणि मग सगळ्यांनी खेचरांबरोबर वर जायचं. मागं राहिलेल्याला नंतर एकट्याला वर पाठवता येत नाही. त्याच्या जागी पुढच्या नंबरचा येतो.

आता आमच्याकडे मुलगा परीक्षेला एकटा जात नसतो. दहावीच्या पेपरला माझ्याबरोबर आई, मामा आणि शेजारची आजी असे तिघं आले होते. पेपर सुटेपर्यंत ते शाळेबाहेरच्या कडुनिंबाखाली पाण्याची बाटली धरून उभे होते. बारावीलाही तसंच. त्यामुळे हिमाचलात जायचं आहे म्हटल्यावर मामाने एवढंच विचारलं, "सेंटर कुठं हाय?"

मामा मनीषनगरला राहतो, स्वतःची टॅक्सी चालवतो. मी त्याला मोबाइलवर नकाशा दाखवला. त्याने बोटाने नकाशा वर सरकवला, आणखी वर सरकवला, आणखी थोडा.

"थोडं दूर हाय," तो म्हणाला. "पण टायर नवे हायेत."

"मामा, मी ट्रेननं जातो ना. पुढं बस असते."

"काहून? आमाले बरफ पाहाची नाई का?"

आईचं कारण वेगळं होतं. त्या डोंगरांत जागोजागी बुद्धविहार आहेत, असं तिने कुठूनतरी ऐकलं होतं. दीक्षाभूमीवर जाताना नेसते ती पांढरी साडी तिने न बोलता पिशवीत ठेवली, तेव्हाच मला कळलं की आता ही येणार.

आम्ही निघालो तेव्हा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, चालू होता. नागपुरात त्या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आईने नेहमीप्रमाणे सगळी तयारी केली. कैरीच्या पन्ह्याच्या बाटल्या, तोंडाला बांधायला दुपट्टे, आणि प्रत्येकाच्या खिशात एकेक पांढरा कांदा. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. मामाने गंमतही केली, "ताई, बरफात जाऊन राहिलो आपण, कांदे कायले?" आई म्हणाली, "बरफ लागेपर्यंत त उन्हातूनच जा लागन ना?" त्याने कांदा खिशात घातला.

ललितपूरच्या अलीकडे गाडी गरम होऊन बंद पडली आणि दुरुस्तीत एक दिवस गेला. तो दिवस आम्ही मनालीला थांबायला राखून ठेवला होता. आता थांबलो तर ठरला दिवस चुकला असता. म्हणून मनालीहून आम्ही पहाटेच निघालो आणि थेट स्पितीतल्या काझ्याचा रस्ता धरला. उंचीवर हळूहळू चढावं, अशा सूचना माझ्या मोबाइलवर आल्या होत्या. मी त्या वाचल्याही होत्या. पण त्या मला शिखरं चढणाऱ्यांसाठी वाटल्या. आम्ही तर गाडीत बसून होतो.

वाटेत कुंझुमची खिंड लागते. रस्त्याचा सगळ्यांत उंच भाग तोच. वर पांढरे स्तूप आहेत, वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताकांच्या माळा आहेत. तिथून जाणाऱ्या गाड्या स्तूपांना एक फेरी मारून पुढं जातात. मामानेही गाडी तशीच फिरवली आणि पुढं घेणार तोच आई म्हणाली, "थांबव."

"ताई, वारा पाहाय."

"थांबव म्हणलं ना गा."

पांढरी साडी ती सकाळीच नेसली होती, वर माझा स्वेटर. ती उतरली आणि पायी प्रदक्षिणा घालू लागली. मग एका बाजूला बसून तिने त्रिशरण-पंचशील म्हटलं. घाईघाईत नाही, सगळं. नंतर पुन्हा उठून फेऱ्या. मामा कान झाकून गाडीपाशी उभा होता. माझं डोकं ठणकत होतं, पण मला वाटलं जागरणाने असेल. आईचा चेहरा त्या वेळी इतका मोकळा दिसत होता की तिला चल म्हणायची माझी इच्छा होईना. हे सगळं ती कळमन्यात बायकांना कसं सांगेल, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

खिंडीतून थोडं खाली आल्यावर तिने खिडकीला डोकं टेकवलं.

"का झालं वं, आई?"

"डोक्शात घण मारून राहिलं कोणी."

पुढच्या वळणावर तिला उलटी झाली. मामाने गाडी थांबवली, तिच्या कपाळाला हात लावला, वर आभाळाकडे बघितलं. आभाळ निळं आणि कोरडं, ढगाचा ठिपका नाही. ऊन असं की हाताच्या पाठीवर चटका बसावा. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, कपाळ गरम. नागपुरातल्या कुठल्याही माणसाने जे म्हटलं असतं तेच मामा म्हणाला.

"ऊन लागलं ताईले."

आणि मलाही ते पटलं. मग आम्हा तिघांना जे येतं ते सगळं आम्ही केलं. नदीच्या बर्फगार पाण्यात दुपट्टा भिजवून तिच्या डोक्याला गुंडाळला. दुसऱ्या दुपट्ट्याने नाक, कान, तोंड घट्ट बांधलं, घरी उन्हाळ्यात गरम लू वाहते तेव्हा बांधतो तसं. गाडीच्या सगळ्या काचा वर केल्या. उरलेलं पन्हं तिला पाजलं, ते पोटात टिकलं नाही. मामाने तर स्वतःचा कांदाही तिच्या मुठीत दिला. ज्या ठिकाणी हवाच कमी, तिथं आम्ही तिच्यापर्यंत जाणारी हवा आणखी कमी केली, आणि काळजी घेतली म्हणून आमच्या जिवाला बरंही वाटलं.

काझ्याला मुक्काम केला. आई जेवली नाही. सकाळी विचारलं तर म्हणाली, "बरं वाटते. चाल, तुले उशीर होईन." ती पायऱ्या उतरताना भिंत धरून उतरली. मला वाटलं, रात्रभर पोटात काही नाही म्हणून.

कॅम्पचं खोरं तिथून पुढं होतं. नदीकाठी काही तंबू, दगडी भिंतींची दोन खोल्यांची इमारत, मागं बर्फाने भरलेले डोंगर. मोबाइलला रेंज नाही. मॅडम स्वतः बाहेर आल्या. मी आयुष्यभर वाट बघितल्यासारखा त्यांच्यासमोर उभा राहिलो, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या माझ्यामागं बघत होत्या. आई गाडीतून उतरत होती, आणि तिचा पाय जिथं ठेवायचा तिथं पडत नव्हता.

"इनको क्या हुआ?"

"लू लग गई, मॅडम," मी म्हणालो.

मॅडमनी मागच्या बर्फाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "यहाँ?"

त्यांनी आधी आईच्या तोंडावरचा दुपट्टा सोडला. मग तिला जमिनीवरची एक रेघ दाखवून, एका पावलापुढं दुसरं पाऊल लावत चालायला सांगितलं. कळमन्यात डोक्यावर टोपली घेऊन गर्दीतून वाट काढणारी माझी आई दुसऱ्याच पावलाला कलली. मामाने तिला धरलं. बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा मॅडमनी वाचला. लगेच कॅम्पच्या नर्सला हाक मारली.

ही उंचीची बाधा आहे, त्यांनी समजावलं. मेंदूवर परिणाम व्हायला लागलाय. ऑक्सिजन देऊ, पण खरं औषध एकच, खाली उतरणं. आत्ता. थांबायचं नाही.

मामाने लगेच किल्ली काढली. "हाच रस्ता ना वापस?"

"नहीं. पीछे तो कुंझुम है, फिर ऊपर चढ़ना पड़ेगा. नदी के साथ-साथ नीचे जाइए, किन्नौर की तरफ़."

नागपुरात इतवारीच्या गल्लीबोळांत डोळे मिटून टॅक्सी काढणारा माझा मामा त्या वेळी पहिल्यांदा घाबरलेला दिसला. ज्या रस्त्याने आलो तो परतीचा रस्ता नव्हता, आणि खालचा रस्ता त्याने कधी बघितलेला नव्हता. "मैं चलती हूँ साथ," नर्स म्हणाली. ती तिथलीच मुलगी, माझ्यापेक्षा थोडीच मोठी असेल. रस्ता तिच्या पायाखालचा होता. तिने सिलिंडर मागच्या सीटवर नीट बसवला, आईला टेकून बसवलं, नाकाला नळी लावली. आईने अर्धवट डोळे उघडून तिच्याकडे बघितलं आणि हात जोडायचा प्रयत्न केला. "नमो बुद्धाय, बाई." नर्सने तिचे हात खाली घेतले आणि म्हणाली, "जुले, आमा." हे तिकडचं नमस्काराचं बोलणं, आणि आमा म्हणजे आई.

मी माझी बॅग घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसलो. विचार वगैरे काही केला नाही, बसलो. मॅडम खिडकीशी आल्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की गेलास तर मी तुला दोष देणार नाही, पण परवा खेचरं निघतील, आणि ती मला थांबवता येणार नाहीत.

मागून आईचा आवाज आला. शब्द जड पडत होते.

"तू काहून बसला गाडीत?"

"मी येतो, आई."

"तुले गाडी चालवता येते?"

"नाही."

"डाक्टरकी येते?"

"तीही नाही."

"मग उतर. पोरगी बसन तिथं, तिले रस्ता मालूम हाय." ती दम घ्यायला थांबली. "पेपर सोडून बाहेर येते का कोणी?"

मामा समोर बघत म्हणाला, "भाचे, उतर बाबू. मी हाय ना. तुया मायले नेतो बरोबर."

मी उतरलो. आईने मुठीतला कांदा खिडकीतून माझ्या हातात दिला. दुसरा तिच्याजवळच राहिला. मग गाडी धूळ उडवत नदीच्या बाजूने खाली गेली. वळणावर ती दिसेनाशी झाली, तरी मी तिथंच उभा होतो.

त्यानंतरचा वेळ कसा सांगावा, मला कळत नाही. काही काम असतं तर बरं झालं असतं. पण कॅम्पचा नियमच असा, की काही करायचं नाही. पाणी प्यायचं, सावकाश चालायचं, टेकडीवर चढायचं नाही, दुपारी झोपायचं नाही. बाकीचे विद्यार्थी पत्ते खेळत होते. मलाही बोलवलं, मी एक डाव खेळलो आणि कुणाची उतारी आहे हेच विसरलो. माझं डोकं अजून दुखत होतं. प्रत्येक ठणक्याला मी हिशेब करायचो, माझं एवढं दुखतं तर तिचं किती दुखत असेल. मग मॅडमनी शिकवलं तसं नाकाने लांब श्वास घ्यायचा, हळूच सोडायचा. माझा ठणका हळूहळू ओसरत गेला. तो ओसरला तसा मी जास्तच घाबरलो. इथं बसून मी बरा होतोय, आणि तिचं काय?

संध्याकाळी मी नदीकाठच्या दगडांमध्ये बसलो होतो. तिथं उशीसारखी जमिनीला चिकटून वाढणारी झुडपं होती. बोट आत घातलं तर बाहेर बोचरा वारा आणि आत कोमट. पुस्तकात मी हे वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. हात लावला तो पहिल्यांदा. आईला हे दाखवायला हवं होतं, असं मनात आलं, आणि मी बोट पटकन काढून घेतलं.

मॅडम शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी दुपारी खालून शेअर जीप येते, नर्स त्याच जीपने परत येईल. तीच जीप चहापाणी करून पुन्हा खाली जाते. त्यांनी आणखी काही सांगितलं नाही, पण मला समजलं. आईचं बरं नसेल, किंवा नर्स आलीच नाही, तर मला जायला गाडी होती.

सकाळी मी बॅग भरून इमारतीच्या दाराशी ठेवली. एका मुलाने विचारलं, "जा रहा है क्या?" मी म्हणालो, "पता नहीं." ते खरंच होतं. मी मनाशी ठरवलं होतं, की चांगली खबर सोडून दुसरं काहीही आलं, अगदी काहीच खबर आली नाही तरी, मी जीपमध्ये बसणार. तसं ठरवल्यावर मन थोडं स्थिर झालं. खेचरांचं काय होईल, पुढच्या शिक्षणाचं काय होईल, याचा विचार मी बाजूला ठेवला. खिशात हात घातला की आईने दिलेला कांदा लागायचा. त्याचं वरचं साल सुटून खिशात चुरा झाला होता.

जीप आधी आवाजाने कळली. मग वळणावर धूळ. ती कॅम्पच्या खाली, पुलापाशी थांबते. तिथून चढ आहे. मी धावायला लागलो आणि मागून मॅडम ओरडल्या, "भागना नहीं!" बरोबरच होतं. त्या उंचीवर सवय नसलेल्याने धावायचं नसतं. मग मी चालत निघालो. एक पाऊल, एक श्वास. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीकडे इतक्या सावकाश चालत जाण्याची वेळ माझ्यावर पुन्हा येऊ नये. जीपमधून एक म्हातारा उतरला, मग कुणाचं तरी पिठाचं पोतं, मग गॅसची टाकी. आणि सगळ्यांत शेवटी नर्स. तिने माझ्याकडे बघितलं आणि दुरूनच हात वर केला. त्या हातावरून मला काही कळेना. मी चालत राहिलो. तीही चढत राहिली. ती तिथली असून घाई करत नव्हती, माझ्यासाठी असेल.

समोर आल्यावर ती आधी म्हणाली, "ठीक हैं. आमा बिल्कुल ठीक हैं."

मी तिथंच खाली बसलो. तीही शेजारी दगडावर बसली आणि मग सगळं सांगू लागली. वाटेतल्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी तपासून औषध दिलं आणि आणखी खाली न्यायला सांगितलं. जसजसा रस्ता उतरत गेला तसतशी आई बोलायला लागली. जर्दाळूची झाडं दिसू लागली तेव्हा ती नीट ताठ बसली, आणि आपल्या पांढऱ्या साडीवर पन्हं कोणी सांडलं म्हणून मामाला विचारू लागली. रात्री भात खाल्ला, झोपली. सकाळी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. मग तिने हॉटेलच्या अंगणात स्वतःच रेघ ओढून पावलापुढं पाऊल लावत चालून दाखवलं, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नंतर मामालाही चालायला लावलं. मामा डुलला, तेव्हा हॉटेलवाल्यासकट सगळे हसले. आणि तिथल्या स्वयंपाकघरात जाऊन तिने सगळ्यांना पोहे करून घातले. तिच्याजवळ उरलेला कांदा त्यात गेला.

"आपके लिए भी कुछ बोला है," नर्स म्हणाली. मराठी तिला येत नव्हतं. आईने तिच्याकडून घोकून घेतलं असावं, कारण तिने एकेक शब्द जपून उच्चारला.

"पेपर पुरा सोडवून ये. आमी बाहेरच हावो."